तुमच्यात हे नसतं, बाई

"मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

सरांनी माझा कागद माझ्याच हातात परत दिला. शाळेची स्टाफरूम, मधली सुट्टी. अकरा माणसं डबे उघडून बसलेली. मी एकटी उभी. तीन आठवड्यांच्या आजारपणानंतर त्या बुधवारी मी शाळेत रुजू व्हायला आले होते. कागद म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातलं सर्टिफिकेट.

मी वाचलं. इंग्रजीत होतं. माझं नाव, वय, तारखा. मग आजाराचं नाव. ते मी जरा भराभर वाचलं.

"मराठीत सांगा," सर म्हणाले. "शिपायालाही कळलं पाहिजे."

शिपाई दारात चहाची किटली घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी म्हणाले, "नैराश्य."

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते मी पाहिलं नाही. आजही मला माहीत नाही, आणि मला ते माहीत करून घ्यायचं पण नाही.

सर हसले नाहीत. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. ते कधी कुणावर ओरडत नाहीत. घरात तीन पिढ्यांची मास्तरकी, बोलणं लोण्यासारखं. शिव्या देणारा माणूस बरा, त्याला उलटून शिवी देता येते. सरांच्या बोलण्यात पकडायला काही सापडत नाही, आणि घरी आल्यावर अंग सोलल्यासारखं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि अगदी मायेनं म्हणाले,

"अहो, नैराश्य हा विचार करणाऱ्या माणसाचा आजार. तुमची माणसं काटक. उन्हातान्हात राबणारी, नाचणारी, गाणारी. तुमच्यात हे नसतं, बाई."

मग म्हणाले, "डॉक्टर काय, काहीही लिहितात. असला कागद शाळेच्या दप्तरात नको. उद्या पालक विचारतील. तुम्ही मलेरिया लिहून आणा, सोमवारपर्यंत. तोवर वर्ग नको. खिचडीचं बघा."

मी गणित शिकवते. आठवी ब माझा वर्ग. नऊ वर्षं झाली मला या शाळेत.

आणि मी काय केलं? मान हलवली. "हो सर" म्हणाले. कागदाची घडी घातली आणि तांदूळ मोजून द्यायला कोठीच्या खोलीत गेले. हे मला आधी सांगून टाकायचं आहे. पुढं मी काय बोलले ते ऐकून कुणी मला शूर समजू नये.

मी तांड्यावरची. गोरेगावहून पुढं, सेनगाव तालुक्यातला आमचा तांडा. आमची बोली गोरमाटी. आईला आम्ही याडी म्हणतो. तांड्यावरून पहिली बी.एड. झालेली पोरगी मी. लग्न झालं होतं, मोडलं. ती गोष्ट वेगळी, इथं तिचा संबंध नाही. हिंगोलीत एका साध्या सिमेंटच्या घराच्या माडीवर एक खोली भाड्यानं घेऊन राहते.

त्या खोलीत मी अडकले. आता अडकले म्हणजे काय, ते सांगते. दार उघडंच होतं, किल्ली माझ्याजवळ. पण खाटेवरून मोरीपर्यंतची सात पावलं होत नव्हती. सकाळी गजर वाजायचा. मी तो बंद करायचे. बादली नळाखाली ठेवली की ती भरेपर्यंत उभं राहायचं बळ नसायचं. मी तिथंच ओल्या फरशीवर बसायचे. पाणी वाहून जायचं. शाळेला जायचे ते कशी तरी. फळ्यावर समीकरण लिहायचे आणि बरोबरच्या चिन्हापाशी थांबायचे. पलीकडं काय लिहायचं ते ठाऊक असायचं, पण लिहायचं कशाला ते कळायचं नाही. पोरं वाट बघायची. चाळीस पोरं गप्प बसून माझ्या पाठीकडं बघत आहेत हे मला पाठीला कळायचं.

मग जेवण तुटलं. फोन उचलणं तुटलं. एक दिवस आरशात केस दिसले, चार दिवस विंचरले नव्हते. मला त्याचं काहीच वाटलं नाही. रडूही येत नव्हतं. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार हाच यायचा, की अरे, उघडला वाटतं. हा विचार मी कुणाला सांगितला नव्हता.

रडू का येत नव्हतं, त्याचं मूळ जुनं आहे.

आमच्या बायकांची रडायची एक रीत आहे. ढावलो म्हणतात. पोरगी सासरी निघाली, कुणी गेलं, किंवा मायलेकी, बहिणी-बहिणी फार दिवसांनी भेटल्या, की एकमेकींच्या गळ्यात हात टाकायचे आणि चालीवर रडायचं. नुसतं रडायचं नाही, सांगायचं. किती दिवस झाले, काय काय सोसलं, कोण आठवलं. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची. मन भरलं की पदरानं डोळे पुसायचे आणि मग चहापाणी. लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, काय आक्रोश चाललाय. आम्हाला ती रोजची गोष्ट.

मी पाचवीला निवासी आश्रमशाळेत होते. बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी याडी मला भेटायला आली. अंगावर घेरदार फेटियाचा घागरा, आरशांची कांचळी चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. फाटकातच तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आणि सुरू केलं. मी पण. दोन महिन्यांनी भेटत होतो आम्ही. तिच्या बांगड्या माझ्या मानेला रुतत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं.

व्हरांड्यात गुरुजी लोक बसले होते. याडी गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "कोण मेलं गं तुमचं?" एकानं विचारलं. मी म्हणाले, कुणी नाही. सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, "ते रडणं करून दाखव बरं. चालीवर."

मी करून दाखवलं.

दहा वर्षांची होते. गुरुजींनी सांगितलं म्हणजे करायचं, एवढंच कळत होतं. गळ्यात हात टाकायला कुणी नव्हतं म्हणून व्हरांड्याच्या खांबाला धरलं आणि ढावलोच्या तीन ओळी म्हटल्या. ते पोट धरून हसले. एकानं टाळ्या वाजवल्या. खिडकीतून मुली बघत होत्या. चौथी ओळ मला आठवेना.

पुढच्या बाजाराला याडी आली तेव्हा ती हात उचलायच्या आत मी म्हणाले, "इथं तसं रडू नको." तिनं हात खाली घेतले. पिशवीतून तिळाचे लाडू काढून दिले. काहून, असं तिनं विचारलं नाही. जाताना फाटकाशी एकदा वळून बघितलं आणि गेली. त्या दिवसापासून मी आवाज काढून रडले नाही. लग्न मोडलं तेव्हाही नाही.

दोन वर्षांपूर्वी याडी गेली. मी तांड्यावर पोचले तेव्हा बायका अंगणात माझी वाट बघत होत्या. लेक आली की ढावलो उचलायचा असतो, तो लेकीनंच उचलायचा. एकेक बाई पुढं येऊन माझ्या गळ्यात हात टाकत होती आणि मी लाकडासारखी उभी. ओळ येत होती, मी उचलत नव्हते. चार-पाच बायका झाल्या. मग त्यांनी हात काढून घेतले आणि आपापसात रडल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "शिकल्याली हाय ती. तिला लाज वाटती."

मला तेव्हा लाज वाटत नव्हती. मला येत नव्हतं. पण त्यांनी तरी काय समजायचं? आमच्यात गळ्यात पडलेल्या बाईला उत्तर दिलं नाही म्हणजे नातं तोडलं. त्यानंतर तांड्यावरून मला फोन येणं कमी झालं. तीजेच्या सणाला बोलावणं आलं नाही. शाळेत मी तांड्यावरची होते आणि तांड्यावर शाळेतली. आजार तिथूनच सुरू झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. पण मी पडले तेव्हा धरायला कुणी नव्हतं, एवढं खरं.

शेवटी आली ती काकी. याडीची धाकटी जाऊ. माझा फोन पंधरा दिवस लागेना म्हणून गोरेगावहून जीपनं निघाली आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन माडी चढली. दार लोटलं. मला बघितलं, मोरी बघितली, खरकटी भांडी बघितली. आम्ही गोरमाटीत बोलतो, तिचं बोलणं मी इथं मराठीत लिहितेय.

"काहून गं, किती दिस झाले अशी पडून राहिलीस?"

तिनं दोन्ही हात माझ्या गळ्यापर्यंत आणले आणि मला ते अंगण आठवलं तसं तिलाही आठवलं असणार, कारण तिनं हात मागं घेतले आणि पदर खोचून भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं मीठ-मिरचीनं माझी दृष्ट काढली. तिसऱ्या दिवशी मला दवाखान्यात नेलं. दोन्ही तितक्याच श्रद्धेनं. मानसिक आजाराच्या विभागापुढच्या बाकड्यावर मी तोंड लपवून बसले होते आणि काकी शेजारच्या माणसांना त्यांच्या माणसाला काय होतंय ते विचारत होती.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी घाई केली नाही. झोप, भूक, काम, सगळं विचारलं. मग विचारलं, "सकाळी जाग आली की मनात पहिलं काय येतं?" मी काकीकडं बघितलं. मग सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. काकीनं माझा हात धरला. मॅडमनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आजार आहे, बरा होतो, वेळ लागतो. गोळी मनानं बंद करायची नाही. तोच विचार फार जोर करायला लागला तर त्याच दिवशी यायचं, एकटं राहायचं नाही. आणि रोज एक ठरलेलं काम करायचं. "मन लागत नसलं तरी करा. मन लागायची वाट बघत बसू नका."

काकीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग तिला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"म्याडम, हिला रडू येत न्हाई. ते गोळीनं येईल का?"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "येईल. हळूहळू."

तीन आठवड्यांची रजा मिळाली आणि काकीचं राज्य सुरू झालं. सकाळी सहाला ती कळशी घेऊन खाटेपाशी उभी. "ऊठ. पान्याला चल." खोलीत नळ आहे. कोपऱ्यावर जुना हापसा आहे, त्याचं पाणी कुणी पीत नाही. मी म्हणायचे, "काकी, नळ आहे ना." ती म्हणायची, "असू दे. चल." वाद घालायची नाही. नुसती उभी राहायची. तिच्या उभं राहण्याचा मला इतका राग यायचा की मी रागानं उठायचे.

पहिले चार दिवस मी नुसती तिच्या मागून चालत गेले. मग तिनं कळशी माझ्या हातात दिली. हापसायचं, भरायचं, आणायचं, तुळशीला आणि घरमालकिणीच्या कढीपत्त्याला घालायचं. मग केस. ती मला खाली बसवून असे ओढून विंचरायची की डोळ्यांत पाणी यायचं, तेवढंच पाणी. मग भाकरी. भाकरीनंतर गोळी. संध्याकाळी उजेड असतानाच कयाधूच्या पुलापर्यंत चालत जायचं आणि परत. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः भाकरी थापली. जाड झाली, कडेला चिरली. काकीनं खाल्ली आणि "जाड हाय" म्हणाली.

मी बरी झाले असं नाही. काही दिवस पुन्हा तसेच यायचे, पुलापर्यंत जाऊन कठड्याला धरून उभी राहायचे आणि परतीची वाट संपणार नाही असं वाटायचं. पण गजर वाजला की पाय खाली टेकत होते. मला वर्गात जायचं होतं. पुष्कळ दिवसांनी मला काहीतरी हवं वाटत होतं. आठवीची बैजिक राशी अर्धी राहिली होती.

म्हणून तो बुधवार. म्हणून तो कागद. आणि मग कोठीची खोली.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींबद्दल माझ्या मनात काही कमी-जास्त नाही. काम चांगलं आहे, पोरं जेवतात. पण मला तिथं कामाला पाठवलं नव्हतं, ठेवून दिलं होतं. तांदळाच्या पोत्यांत, एक खिडकी, तिलाही जाळी. समोरच आठवी ब. माझ्या वर्गावर चित्रकलेचे सर जाऊन बसत आणि पोरांना गप्प बसायला सांगत. गुरुवारी एका पोरीनं खिडकीतून मला बघितलं आणि शेजारणीला कोपर मारलं. मग सगळी रांग वळून बघायला लागली. मी पोत्याच्या मागं सरकले. सरकले, अक्षरशः. गणिताची बाई पोत्याच्या मागं लपली.

छातीवर पुन्हा ते जुनं वजन बसायला लागलं. शुक्रवारी हापशावर जायला मी नाही म्हणाले. काकी उभी राहिली, मी भिंतीकडं तोंड केलं. तिला कळशी एकटीलाच भरून आणावी लागली.

इंग्रजीच्या बाई स्वभावानं चांगल्या आहेत. शनिवारी डबा घेऊन कोठीत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, एवढं काय त्यात? माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, देतील लिहून. मी नाही का मागच्या वर्षी टायफॉइड लावला?" मी विचारलं, "तुम्हाला काय झालं होतं?" त्यांनी डब्याचं झाकण शोधलं. मग म्हणाल्या, "जाऊ दे ना." आणि डबा बंद केला. म्हणजे हे त्यांच्यातही होतं. फक्त त्यांना ते झाकायला टायफॉइड मिळाला होता, मागताक्षणी.

मी घरी येऊन अर्ज लिहिला. "मी मलेरियाने आजारी असल्याकारणाने." सुवाच्य अक्षरात. सहीपुरती जागा सोडली. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी काकीला सगळं सांगितलं. बुधवारपासून पहिल्यांदाच. मला वाटलं ती चिडेल. सरांना शिव्या देईल. तिला शिव्या सुरेख येतात.

ती म्हणाली, "मंग म्हण मलेरिया. काय बिघडलं? नौकरी मोठी का नाव मोठं?"

मी अर्जाकडं बघत बसले. खरंच काय बिघडलं होतं? मी पेन उचललं.

काकी ज्वारी निवडत होती. सुपातले खडे बाजूला करता करता तिनं सहज विचारलं, "पर त्ये सर काय म्हनले म्हनलीस? आमच्यात काय नसतं?"

"हे. जे मला झालं ते. आपली माणसं काटक असतात म्हणे."

तिनं सूप खाली ठेवलं.

"आमच्यात नसतं?" ती म्हणाली. "कोनी सांगितलं त्येला?"

आणि तिनं मोजायला सुरुवात केली. वरच्या आळीची एक, सून आल्यावर वर्षभर चुलीकडं तोंड करून बसली, कुणाशी बोलली नाही. एक गडी, बैल मेल्यावर झाडाखालून उठेना. तिच्या स्वतःच्या सासूची बहीण. नावं घेऊन सांगत होती, एकेक बोट दुमडत. आमच्या बोलीत त्याला जे म्हणतात, ते मराठीत सांगायचं तर जीव बसणं. माणूस उभं असतं, जीव बसतो. हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला होता. दवाखान्यात, स्टाफरूममध्ये, खाटेवर पडल्या पडल्या, मला तो एकदाही आठवला नव्हता.

"आन तुझी याडी," काकी म्हणाली.

"याडीला काय?"

"तुझ्याआधी एक लेकरू झालं व्हतं तिला. मरूनच जन्मलं. चार म्हयने तिचा जीव बसला व्हता. खाईना, केस करीना, रडंना. आमी काय केलं मंग? तिची सासू, मी, शेजारच्या दोघी. रोज सकाळी जायाचं आन तिला उठवून पान्यावर न्यायाचं. घरात रांजन भरल्याला असू दे. न्यायाचंच. दोघी धरायच्या, दोघी घागरी घ्यायच्या. कवा शिव्या दिल्या तिनं, कवा दगूड मारला. आमी गेलोच. चार म्हयने. एक दिवशी पान्यावर तिनं माझ्या गळ्यात हात टाकला आन ढावलो उचलला. सगळा पानवठा रडला त्या दिवशी."

कोपऱ्यात रिकामी कळशी होती. नळ असताना हापसा. रोज सहाला. नुसतं उभं राहणं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू आमचं ऐकून घेत व्हतीस का?" ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली.

म्हणजे आमच्यात हे होतं. त्यावरची रीतही होती. रोज एक ठरलेलं काम, मन लागायची वाट न बघता. चार बायका धरायला. आणि आवाज काढून सांगायची एक चाल. गोळी तेव्हा नव्हती, म्हणून काही माणसं गेलीही, काकीनं तीही नावं घेतली. पण आमच्या आयांना हे माहीत होतं. ते मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून हसण्यावारी घालवलं होतं. आता एका कागदावर सही करून उरलेलंही घालवणार होते. मलेरिया म्हटलं की सर खरे ठरणार होते. याडीचे ते चार महिने झालेच नाहीत, असं मीच माझ्या अक्षरात लिहून देणार होते.

मी उठले आणि काकीच्या गळ्यात हात टाकला.

चाल मला नीट आठवेना. तेवीस वर्षं झाली होती. पहिली ओळ अर्धीच आली, दुसरी फुटली. काकीनं उचलली. मी सांगितलं. फाटकातली याडी, तिनं खाली घेतलेले हात, तिळाचे लाडू. तिच्या अंगणात मी लाकडासारखी उभी राहिले ते. लग्न. ओली फरशी. काकीच्या बांगड्या माझ्या मानेला रुतत होत्या. मध्ये मी थांबून म्हणाले, "चाल चुकतेय." ती हुंदक्यातच म्हणाली, "चुकू दे. म्हन."

खालून घरमालकीण धावत आली. तिच्या मागं शेजारची एक. "अहो बाई, काय झालं? कोण गेलं?"

काकीनं माझ्या खांद्यावरून मान वर काढली. "कोनी गेलं न्हाई. आमी रडून राहिलो. व्हईल दहा मिन्टात."

आणि पुन्हा ओळ उचलली. घरमालकीण दारात थांबली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, आत आली आणि पाण्याचा तांब्या आमच्याजवळ ठेवून गेली.

सोमवारी सकाळी मी हापशावर गेले. शाळेत पोचल्यावर कोठीत गेले नाही, स्टाफरूममध्ये गेले. पहिली घंटा व्हायची होती, सगळे मस्टरवर सही करत होते. सर म्हणाले, "आणलं का, बाई?"

मी तोच कागद काढला. सोबत कामावर हजर व्हायला योग्य असल्याचं सर्टिफिकेट, तेही सरकारी, जे बुधवारी कुणी मागितलंच नव्हतं. आणि न सांगता, उभ्या-उभ्या, मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्यांदा इंग्रजीत. मग मराठीत. मग आमच्या बोलीत. दारातल्या शिपायानं या वेळी मान खाली घातली नाही.

गोळीनं जीभ कोरडी पडते, तशी पडली होती, शब्द अडखळत होते. ते सगळ्यांना दिसत होतं.

"हे काय चाललंय?" सर म्हणाले. आवाज तसाच, लोण्यासारखा.

"तुम्ही म्हणालात आमच्यात हे नसतं," मी म्हणाले. "माझ्या आईला होतं सर. तिच्या आधी कितीतरी जणांना. तुमच्या घरात विचार करतात, आमच्या घरात पण करतात. मी मलेरिया लिहिणार नाही."

"मग मला वर कळवावं लागेल. मानसिक रुग्णाकडं मुलं कशी सोपवायची?"

"कळवा. माझ्या आजाराचं नाव नीट लिहून कळवा."

इंग्रजीच्या बाई मस्टरवर वाकल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही, पण खडूचा डबा त्यांच्या हाताशी होता, तो त्यांनी माझ्याकडं सरकवला. मी दोन खडू घेतले आणि आठवी ब मध्ये गेले. पोरं उभी राहिली. मी फळ्यावर अर्धी राहिलेली बैजिक राशी लिहिली, बरोबरचं चिन्ह काढलं आणि पलीकडची बाजू लिहिली. अक्षर वाकडं आलं.

हे सगळं संपलं असं कुणाला वाटत असेल तर नाही. बुधवारी मला नोटीस मिळाली. शिकवण्यास मानसिकदृष्ट्या योग्य आहात हे सात दिवसांत लेखी कळवावे, नाहीतर पुढील कारवाई. माझा वर्ग पुन्हा काढतील. काढू शकतात. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणी थांबतात. दोन पालक येऊन विचारून गेले. काकी तिच्या घरी परत गेलीय, तिचंही घर-शेत आहे. आज सकाळी गजर वाजला तेव्हा छातीवर ते वजन होतं. तसंच. मी भिंतीकडं तोंड केलं होतं. मग कळशी दिसली.

आता टेबलावर नोटिशीचं उत्तर आहे. मलेरियाचा अर्ज मी फाडला नाही, त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर कच्चं लिहिलं आणि मग पक्कं केलं. पहिल्या ओळीत आजाराचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत उपचार चालू असल्याचं आणि योग्यतेचं सरकारी सर्टिफिकेट सोबत जोडल्याचं. तिसऱ्या ओळीत आठवी ब हा माझा वर्ग आहे, असं. खाली सही केली आहे. कुणी तो कागद फेकला तर दुसरा लिहीन. दुसरा फेकला तर वरच्या कार्यालयात जाऊन मोठ्यानं वाचीन. रडू आलं तर तिथंच रडेन, आमच्या चालीवर, आणि कोण मेलं म्हणून कुणी विचारलं तर सांगेन, अजून कोणी नाही.

उद्या सहाला पाणी. मग भाकरी, मग गोळी. दुसरा तास आठवी ब, गणित. मी जाणार आहे.